फ्लास्कवरून जँगोवर

पायथनमध्ये वेब सॉफ्टवेअर बांधायला फ्लास्क आणि जँगो असे दोन तयार सांगाडे मिळतात. मी पहिल्यावरून दुसऱ्यावर आले, पण फ्लास्कबद्दल माझी काही तक्रार नाही, हे आधीच सांगते. गावोगावच्या दूध संस्थांसाठी मी जे संकलनाचं सॉफ्टवेअर चालवते, ते फ्लास्कवरच उभं राहिलं. सुरुवातीला त्यात होतं काय? सकाळ-संध्याकाळची आवक, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) आणि दहा दिवसांचं बिल. पुढे लॉगिन हवं झालं, फ्लास्क-लॉगिन आलं. टेबलांमध्ये बदल व्हायला लागले, अलेम्बिक आलं. फॉर्मसाठी डब्ल्यूटीफॉर्म्स. सचिवाला कुठले अधिकार, अध्यक्षाला कुठले, हे माझं मीच लिहिलं. या सगळ्यांची एकमेकांशी गाठ मारणारा कोडही माझाच, आणि एखादं एक्स्टेन्शन नव्या आवृत्तीवर गेलं की तो कुठेतरी उसवायचा.

तरी एवढ्यासाठी मी हलले नसते. निमित्त झालं ॲडमिनचं, म्हणजे नोंदी भरायच्या आणि बदलायच्या स्क्रीनचं. उत्पादकाचं बँक खातं बदललंय, कालच्या पाळीत फॅट चुकीचं पडलंय, नवीन सभासद घालायचाय... प्रत्येक गोष्टीला एक स्क्रीन लागते आणि त्या लिहिण्यातच माझे महिने जात होते. जँगोत त्या तयार मिळतात. जँगोचा जन्म अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावी, एका वर्तमानपत्राच्या कचेरीत झाला. 2003 मध्ये काम सुरू झालं, 2005 मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. प्रोग्रामरच्या मागे न लागता कचेरीतल्या लोकांना मजकूर भरता यावा, ही तिथली निकड. आमच्या सचिवाची गरज याहून वेगळी काय आहे? ओळखीतल्या पोरांनी फास्टएपीआय (मुख्यतः पानांऐवजी नुसता डेटा पुरवणारा असाच एक सांगाडा) घे म्हणून सुचवलं होतं. ते चांगलंच आहे, पण माझ्याकडे सर्व्हरवर तयार होऊन प्रिंटरवर छापली जाणारी पानं आहेत, त्यांना त्याचा काय उपयोग.

रूट (कुठल्या पत्त्यावर कुठलं पान) आणि टेम्प्लेट (पानांचे साचे) हलवणं म्हणजे नुसती हमाली. फ्लास्कची साचे लिहायची भाषा जिंजा जँगोतही चालते, त्यामुळे बिलाची टेम्प्लेटं बरीचशी तशीच राहिली. खरी कसोटी मायएसक्यूएल या डेटाबेसमधल्या चालू डेटाची. इन्स्पेक्टडीबी कमांडने जुन्या टेबलांवरून मॉडेलं (टेबलांची कोडमधली वर्णनं) तयार करून दिली. ती हाताने साफ केली, 'मॅनेज्ड = फॉल्स' ('हे टेबल जँगोने सांभाळू नये') या ओळी काढल्या आणि पहिलं मायग्रेशन (टेबलं बनवायची-बदलायची पायरी) फेक-इनिशियल या पर्यायाने चालवलं. टेबलं आधीच आहेत असं दिसलं की जँगो ती पुन्हा बनवायला जात नाही, नुसती नोंद करतो.

पासवर्डचं काम मला सगळ्यात आवडलं. सगळ्या सचिवांना फोन करून 'नवीन पासवर्ड घ्या' म्हणायचं, तर आठवडाभर दुसरं काही झालं नसतं. पासवर्ड उलट उलगडता येणार नाही अशा हॅशच्या रूपात साठवलेला असतो, आणि माझ्या जुन्या नोंदींत आणि जँगोत त्याची पद्धत एकच होती: पीबीकेडीएफ2, शा-256. फ्लास्क ज्या लायब्ररीवर उभं आहे ते वर्कझॉइग शेवटचा हॅश हेक्समध्ये लिहितं, जँगो बेस64 मध्ये; दोन्ही एकच गोष्ट लिहायच्या वेगळ्या पद्धती. बाकी फरक विरामचिन्हांचा. छोट्या स्क्रिप्टने सॉल्ट (पासवर्डात मिसळलेली स्वैर अक्षरं) आणि हॅश करायच्या फेऱ्यांचा आकडा तसाच ठेवून मांडणी बदलली. पुढे ज्याने त्याने लॉगिन केलं की जँगो फेऱ्यांचा आकडा आपणहून वाढवून घेतो. कुणाला काही कळलंसुद्धा नाही.

वेळेचं मात्र जपावं लागतं. माझ्या टेबलांत वेळा भारतीय वेळेनुसार, टाइमझोनशिवाय पडल्या होत्या. जँगो त्यांना यूटीसी (भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ) समजतो, म्हणजे सकाळी साडेसहाचं दूध बाराला आल्यासारखं दिसतं. डेटाबेसच्या सेटिंगमध्ये 'टाइम_झोन' म्हणून वेगळी जागा असते, तिथे 'एशिया/कोलकाता' घातलं की जुना डेटा न हलवता भागतं.

ॲडमिन मराठीत केलं तेव्हा डाव्या बाजूला 'उत्पादकs' आणि 'दरपत्रकs' अशी नावं उगवली. अनेकवचन वेगळं सांगितलं नाही, तर जँगो सरळ शेवटी इंग्रजी एस चिकटवतो! प्रत्येक मॉडेलला 'व्हर्बोज_नेम_प्लुरल' द्यावं लागलं. हिस्टरीचं बटण सचिवांपेक्षा अध्यक्षांना जास्त आवडलं. मात्र त्यात कुणी, कधी आणि कुठला रकाना बदलला एवढंच दिसतं. आधीचा आकडा दिसत नाही. दराच्या बाबतीत तेवढ्याने भांडण मिटत नाही, म्हणून जुना दर साठवायचं टेबल मी वेगळं केलं.

दरपत्रकापुढे ॲडमिन हात टेकतं. आडवं एसएनएफ, उभं फॅट, असा तो चौकटींचा तक्ता. ॲडमिनमध्ये त्याची शेकडो ओळींची यादी होते. तिथे एक्सेल चढवायचं पान स्वतःच लिहिलं. आणि फ्लास्कसोबत डेटाबेसशी बोलायला वापरलेल्या एसक्यूएलअल्केमीची आठवण येते, ती दहा दिवसांच्या बिलाच्या क्वेरीपाशी. उचल, पशुखाद्य, मागची बाकी असं सगळं एका दमात जोडायचं तर जँगोच्या ओआरएममध्ये (पायथनमधूनच क्वेरी लिहायची सोय) फार वळसे पडतात. ती क्वेरी मी सरळ एसक्यूएलमध्ये ठेवली आहे.

संकलन केंद्रावरच्या कॉम्प्युटरवर काटा आणि फॅट मशीनचं सिरीयल पोर्टवरून येणारं रीडिंग घेणारा एक छोटा प्रोग्राम आहे. त्याला लॉगिन नाही, टेबल नाही, सगळी मिळून एक फाइल. तो अजून फ्लास्कवरच चालतो आणि त्याला मी हात लावणार नाही.