उलानबातरला जाताय? मग हीटिंगचा पाइप कुठपर्यंत जातो ते आधी बघा

उलानबातर म्हटलं की सगळे थंडीचंच विचारतात. साहजिक आहे, मंगोलियाची ही राजधानी म्हणजे जगातली सगळ्यात थंड राजधानी, जानेवारीत रात्रीचा पारा उणे तीसपर्यंत उतरणं तिथे काही नवीन नाही. पण घराच्या आत काय असतं ते फारसं कोणी सांगत नाही. सेंटरमधल्या फ्लॅटमध्ये भर हिवाळ्यात माणसं टी-शर्टवर बसलेली असतात! कोळशावर चालणारी वीजकेंद्रं वीज बनवताना पाणी तापवतात आणि तेच पाणी जाडजूड पाइपांतून बिल्डिंगींमध्ये फिरतं, साधारण 15 सप्टेंबर ते 15 मे. जुन्या बिल्डिंगींत तर रेडिएटरला कमी-जास्त करायला नॉबच नसतो, मग उकडायला लागलं की खिडकीतली छोटी झडप उघडायची आणि बाहेरची बर्फाळ हवा आत घ्यायची, दुसरा इलाज नाही.

एक मात्र लक्षात ठेवा, उन्हाळ्यात पाइपांची दुरुस्ती चालते तेव्हा एकेका भागाचं गरम पाणी बरेच दिवस बंद असतं. बुकिंग करताना बाथरूममध्ये वेगळा बॉयलर आहे का ते विचाराच. तिथे जुलैतही गार पाण्याने आंघोळ करवत नाही.

बाकी सोयी चांगल्या आहेत. 2021 मध्ये सुरू झालेला नवा एअरपोर्ट शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर आहे, त्यामुळे परतीच्या दिवशी भरपूर वेळ हातात ठेवा कारण ट्रॅफिक भयंकर असतं, नंबरप्लेटच्या शेवटच्या आकड्यावरून गाड्यांना ठराविक दिवशी बंदी असते तरी पीस अव्हेन्यू या मुख्य रस्त्यावर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. जिकडे तिकडे जपानहून आलेल्या सेकंडहँड प्रियस, स्टिअरिंग आपल्यासारखं उजवीकडे पण गाड्या चालतात रस्त्याच्या उजव्या बाजूने, तेव्हा रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघायची सवय करा. सीयू आणि जीएस25 ही कोरियन दुकानं पावलोपावली, तिथे कप नूडल्समध्ये गरम पाणी घालून खिडकीशी बसून खाता येतं. शाकाहारी लोकांनी घाबरू नये. बूझ (वाफवलेले मोमोसारखे), खूशूर (तळलेल्या करंजीसारखे) या सगळ्यात मटण असतं हे खरं, पण शहरात शाकाहारी हॉटेलं आहेत आणि भारतीय जेवणही मिळतं. सूतेई त्साई म्हणजे मीठ घातलेला दुधाचा चहा, पहिल्या घोटाला विचित्र लागतो पण बाहेरून गारठून आल्यावर तोच हवासा वाटतो.

आता मला खरं जे सांगायचंय ते. तो गरम पाण्याचा पाइप जिथे संपतो तिथून वेगळंच शहर सुरू होतं. टेकड्यांवर चढत गेलेल्या गेर वस्त्या, लाकडी कुंपणाच्या आत एक गोल तंबू किंवा छोटं घर. देशाची निम्मी लोकसंख्या या एका शहरात आहे आणि त्यातली बरीचशी अशा वस्त्यांत राहते. झूद पडतो, म्हणजे इतका कडक हिवाळा की जनावरं पटापट मरतात, मग कळप गेलेली कुटुंबं इकडे येतात. यांच्याकडे ना नळ ना हीटिंग, पाणी आणायचं कियॉस्कवरून, मोठे कॅन छोट्या हातगाडीवर बांधून चढावर ओढत न्यायचे, हे काम बरेचदा पोरंच करतात आणि सांडलेल्या पाण्याचा पायाखाली बर्फ झालेला असतो. घर गरम ठेवायला कोळशाची शेगडी. कच्च्या कोळशावर 2019 मध्ये बंदी आली, त्याच्या जागी ब्रिकेट्स, म्हणजे दाबून बनवलेले कोळशाचे गोळे, आले, पण हिवाळ्यात धूर अजूनही शहरावर बसतोच.

म्हणून "गेर वस्त्यांमुळे हवा खराब होते" असं कोणी सहज बोलून गेलं की मला राग येतो. अहो, पाइप त्यांच्यापर्यंत पोचवलाच नाही तर त्यांनी उणे तीसमध्ये जाळायचं काय?

दम्याचा त्रास असेल किंवा लहान मुलं बरोबर असतील तर जून ते सप्टेंबरमध्येच जा. हिवाळ्यात जाणं भागच असेल तर एन95 मास्क इथूनच न्या, आणि वस्तीत फिरायला गेलात तर पाणी ओढणाऱ्या पोरांचे फोटो काढू नका.