तुम्ही विचारलंत म्हणून

"ज्या वाइनच्या धंद्यात तुझ्या वडलांची द्राक्षबाग गेली, त्याच धंद्याच्या दारात तू दरवर्षी नवऱ्याला घेऊन हौसेनं जातेस. जमतं कसं तुला?"

आत्या हे सरळ विचारते. ऑफिसातल्या मैत्रिणी जरा आडून विचारतात. गेल्या होळीला चुलतभावानं पंगतीत, सगळ्यांच्या देखत विचारलं. मी दर वेळी काहीतरी बोलून विषय बदलत आले. आता एकदा सगळं सांगून टाकते, म्हणजे पुढच्या होळीला जेवण तरी सुखानं होईल.

फाल्गुनातला एक रविवार आम्ही दोघं आमच्यासाठी ठेवतो. मुलाला निफाडला आईकडे सोडायचं आणि नाशिकच्या गंगापूर रस्त्याला लागायचं. तिथली सुला वायनरी, तिथून जवळच यॉर्क. एखाद्या वर्षी तिकडे न जाता इगतपुरीच्या बाजूला, मुकणे धरणाकाठी व्हॅलोनला. सकाळी हवेत गारवा असतो, अकरानंतर ऊन लागायला लागतं. रस्त्याच्या कडेला पळस पेटलेला असतो, आंब्याला कैऱ्या धरलेल्या असतात. वाइनच्या द्राक्षांची तोड तेव्हा संपत आलेली असते, शिराझ या लाल वाइनच्या द्राक्षाचे शेवटचे प्लॉट उभे असतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की तिथं नुसती खोडं आणि तारा दिसतात. म्हणून फाल्गुनच.

नवरा माळकऱ्यांच्या घरातला आहे. तो पीत नाही, मी पिते, येताना गाडी तो चालवतो. यावरही लोकांना बोलायचं असतं. बोलू देत. तो पेला हातात घेतो, वास घेतो आणि मला परत देतो. सोव्हिन्यों ब्लां या पांढऱ्या वाइनचा वास घेऊन पहिल्यांदा म्हणाला, "ही तर हिरवी ढोबळी मिरची." शेनिनला म्हणाला, पेरू. शिराझला बराच वेळ थांबला आणि म्हणाला, काळी मिरी. तिन्ही बरोबर होतं. चार घोट घेऊनही जे मला सांगता येत नाही, ते त्याला नुसत्या वासावर कळतं.

आता बागेचं. पंगतीत जे माझ्या वडलांना हावरट म्हणाले, त्यांनी एवढं आठवावं की 2001 साली सरकारनंच द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. विंचूरला आणि तिकडे सांगलीत पलूसला वाइन पार्क काढले, करात सवलती दिल्या. विंचूर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. बाबांनी थॉमसनच्या, म्हणजे खायच्या बिनबियांच्या द्राक्षांच्या, सहा एकरांतले दोन एकर शिराझला दिले, तेही करार हातात आल्यावर. लेखी करार, किलोला 30 रुपये. मणी फुगवायला घड जीए संजीवकात बुडवणं नाही, मण्यांची विरळणी नाही, एक्स्पोर्टचा जीव टांगणीला नाही. एकरी पाच टनांच्या वर माल धरायचा नाही, साखर 23 ब्रिक्सला आली की तोडायचं. पहिली दोन वर्षं पैसे वेळेवर आले. त्या दोन वर्षांत त्यांना शहाणा म्हणणारे हेच लोक होते.

मग 2008 चा नोव्हेंबर आला. मुंबईतला हल्ला झाला, जगभर मंदी होतीच. हॉटेलं ओस पडली, वाइन उठेना. वायनऱ्यांच्या टाक्या आदल्या वर्षीच्या वाइननं भरलेल्या. नवा माल ओतायचा कुठं? हे मला आता कळतं. तेव्हा मी 19 वर्षांची होते आणि मला फक्त मार्च 2009 मधली ती एक सकाळ कळली.

वायनरीची गाडी चार दिवस आली नव्हती. फोन उचलत नव्हते. ब्रिक्स 25 वर गेला होता, मणी सुकायला लागले होते, बुलबुलांनी कडेच्या ओळी खाऊन टाकल्या होत्या. पाचव्या रात्री बाबा म्हणाले, आपणच नेऊ. रात्री दोनला बॅटऱ्या लावून तोड सुरू केली, कारण वाइनचा माल गार असतानाच पोचवायचा असतो. पिकअपमध्ये 72 क्रेट बसले. मी मोजले होते. मी पुढे बसले, मांडीवर कराराची फाइल.

सात वाजता फाटकाशी पोचलो. वॉचमन म्हणाला, साहेब नाहीत. आठ वाजता म्हणाला, साहेब येतील. नऊला आतून एक मुलगा आला, माझ्याहून थोडा मोठा असेल. फाइल न उघडता म्हणाला, "काका, यंदा माल घेत नाहीये, तुम्हाला कळवलं असेल ना." बाबांनी खिशातून ब्रिक्स मीटर काढलं. एका मण्याचा रस काचेवर पिळला आणि मीटर त्याच्यापुढे धरलं. "बघा तरी. एकदा बघा." त्या मुलानं बघितलं नाही. त्याची मान खाली होती. आज मला वाटतं, त्यालाही लाज वाटत असावी. तेव्हा वाटलं, याच्या कानाखाली वाजवावी.

बाबा हलले नाहीत. म्हणाले, मोठ्या साहेबांना भेटून जाऊ. गाडी रस्त्याच्या कडेला बाभळीखाली लावली. बाभळीची सावली ती केवढी! अकरा वाजता क्रेटमधून रस गळायला लागला. पिकअपच्या फाळक्यावरून थेंब थेंब डांबरावर पडत होता आणि तिथं मधमाश्या बसत होत्या. बाराला वास बदलला. गोड वासाला आंबूस झाक आली. बाबांनी वरच्या क्रेटमध्ये हात घातला, मूठभर मणी नाकाशी नेले आणि मला म्हणाले, "सुरू झालं बघ. गाडीतच वाइन व्हायला लागली." ते हसत नव्हते. मला ते दाखवत होते, लहानपणी डावणी आणि भुरी या वेलीच्या रोगांतला फरक दाखवायचे तसं.

एक वाजता आम्ही निघालो. शिराझचा मणी बारीक, बियांचा, जाड सालीचा. बाजारात कोणी हात लावत नाही, आणि बेदाण्याला बिनबियांचा माल लागतो. 72 क्रेट विहिरीजवळच्या खड्ड्यात ओतले. उरलेला माल झाडावरच राहिला. आदल्या वर्षाचे निम्मे पैसे त्यांच्याकडे अडकले होते, ते आजतागायत आले नाहीत. जूनच्या आधी जेसीबी लावून दोन्ही एकर उपटले. मांडवाचे अँगल आणि तारा ठेवल्या, त्यांवर पुन्हा थॉमसन चढली. सोसायटीचं कर्ज फिटायला सात वर्षं गेली.

त्या वर्षी मी वहीत लिहिलं होतं की आयुष्यात कुठल्याही वायनरीची पायरी चढणार नाही. वही अजून आहे. ती 19 वर्षांची मुलगी मला आता विचारायला आली, तर तिला काय सांगू? मी बरीच वर्षं लोकांना सांगत आले की ती वायनरी वेगळी, ती केव्हाच बंद पडली, या वेगळ्या. हे खरं आहे, पण ती मुलगी एवढ्यानं ऐकणार नाही. ती म्हणेल, 2009 ला सगळ्यांच्याच टाक्या भरल्या होत्या, आणि सगळ्या टाक्या शेतकऱ्यांच्याच मालानं भरल्या होत्या. मग मी म्हणेन, आज जिल्ह्यात करारावर पिकवणारे कितीतरी आहेत, त्यांच्या घरी पैसे येतायत, मी वाइन प्यायले नाही तर त्यांचं काय भलं होणार? ती म्हणेल, आपल्याही घरी दोन वर्षं येत होते. तिथं माझं बोलणं खुंटतं.

पहिल्यांदा गेले ती 2016 ला, कर्ज फिटलं त्या वर्षी. नवराच म्हणाला होता, एकदा जाऊन तर बघ, नाही आवडलं तर परत फिरू. टेस्टिंगला आम्ही दहा-बारा जण होतो. ओतणारी मुलगी पेला तिरपा कसा धरायचा ते दाखवत होती. शिराझ आली आणि तिनं सांगितलं की ही द्राक्षं रात्री तोडतात, म्हणजे गार राहतात. मला पुढचं ऐकू येईना. नवरा उठला, माझा पेला उचलला आणि मला बाहेर कट्ट्यावर घेऊन गेला. तिथून गंगापूर धरणाचं पाणी दिसतं. लग्नाला तीन वर्षं झाली होती, बागेची गोष्ट त्याला ढोबळ माहीत होती. समजूत वगैरे काही घातली नाही त्यानं. बऱ्याच वेळानं विचारलं, "किती क्रेट होते?"

हे तोवर मला कोणी विचारलं नव्हतं. किती बुडाले ते सगळ्यांनी विचारलं होतं. मी 72 म्हणाले आणि पेल्यातली शिराझ प्यायले. आमच्या बागेचा माल बाटलीत गेला, पण ती वाइन आमच्या घरात कोणी कधी चाखली नव्हती. मी पहिली.

आणि आता जे पंगतीत बोलता येत नाही ते. मला तिथं आवडतं. वडलांसाठी जाते, आठवणीसाठी जाते, असं मी काही जणींना सांगितलं, ते अर्धंच खरं. सासर-माहेर, मुलाच्या परीक्षा, ईएमआय यांतून एक दिवस नवऱ्याच्या शेजारी नुसतं बसायला मिळतं, ते मला हवं असतं. शिराझची चव आवडते. दुसऱ्या पेल्यानंतर ऊन मऊ वाटतं, ते आवडतं. आणि आवडतं याचं कधी कधी अपराधी वाटतं, तेही दर वर्षी सोबत येतं. तो दिवस जमतो, एवढंच सांगू शकते. कसा जमतो ते मलाही सांगता येत नाही.

यंदा तिथल्या माणसाला विचारून शिराझचे चार मणी रुमालात बांधून आणले. संध्याकाळी मुलाला घ्यायला निफाडला गेले तेव्हा बाबा ओट्यावर बसले होते. आम्ही कुठं जातो ते त्यांना माहीत आहे, पण त्यांनी आजवर त्यावर एक अक्षर काढलं नव्हतं. रुमाल पुढे केला. त्यांनी एक मणी तोंडात टाकला, साल चघळली, बी तळहातावर घेऊन उजेडाकडे धरली. मग दाताखाली फोडली.

"बी अजून हिरवट आहे. चार दिवस थांबायला पाहिजे होतं."

उरलेले मणी त्यांनी परत रुमालात ठेवले आणि विचारलं, "यंदा भाव काय दिलाय?"

मी विचारलं नव्हतं.