मी खाली सही करणार

२५ जानेवारी २०२५, शनिवार. रात्री.

राष्ट्रपती द्रौपदी मुर्मूंचं प्रजासत्ताक दिनाआधीचं भाषण संध्याकाळी सातला आकाशवाणीवर हिंदीत ऐकलं, साडेनऊला पुन्हा मराठीत. मंडळी म्हणाली, "अहो, तेच तर आहे, अडीच तासांत काय बदलणार?" बदलत काहीच नाही. पण पहिल्या खेपेला मी माणूस ऐकतो आणि दुसऱ्या खेपेला मसुदा. धंद्याची खोड, दुसरं काय.

माझा धंदाच दुसऱ्याच्या नावानं "मी" लिहिण्याचा. नाशिकच्या कोर्टाबाहेर टेबल टाकून आयुष्यभर प्रतिज्ञापत्रं, अर्ज, संमतीपत्रं टाईप केली. सुरुवात "मी खाली सही करणार", शेवट "वरील मजकूर वाचून पाहिला, तो खरा व बरोबर आहे". मधलं सगळं माझं, सही पक्षकाराची. वाचून दाखवलं की बहुतेक जण मान हलवतात आणि पेन मागतात. एखादीच म्हातारी मध्ये हात घालते, "बाबा, हे काढ. असं मी म्हटलेलंच नाही."

राष्ट्रपतींना वर्षातून एकदा तरी असाच दुसऱ्याचा मजकूर वाचावा लागतो. येत्या शुक्रवारी, ३१ तारखेला, त्या संसदेत अभिभाषण करतील. ते कलम ८७ खालचं. मूळ घटनेत ते प्रत्येक अधिवेशनाच्या सुरुवातीला होतं. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीनं ते वर्षातल्या पहिल्या अधिवेशनापुरतं आणि लोकसभेच्या निवडणुकीनंतरच्या पहिल्या अधिवेशनापुरतं ठेवलं. मजकूर मंत्रिमंडळ ठरवतं, म्हणून त्यात "मेरी सरकार" येतं. राष्ट्रपती कुणीही असो, सरकार कुठल्याही पक्षाचं असो, ते "मेरी"च असतं. पुढे त्यावर आभाराचा ठराव येतो. २०१५ आणि २०१६ ला राज्यसभेनं त्या ठरावाला सरकारच्या मनाविरुद्ध दुरुस्ती चिकटवली होती. मला तेव्हा फार मजा वाटली होती. पक्षकार गप्प बसला आणि समोरच्यांनीच मजकुरात भर घातली!

आजच्या भाषणाला मात्र कलम नाही. प्रजासत्ताक दिनाच्या आणि स्वातंत्र्य दिनाच्या आदल्या संध्याकाळी राष्ट्रपतींनी देशाशी बोलायचं ही नुसती प्रथा, आणि म्हणून इथं थोडी मोकळीक असते. ती कशी वापरायची हे के. आर. नारायणन यांनी २५ जानेवारी २००० ला दाखवलं होतं. उदारीकरण, खासगीकरण आणि जागतिकीकरणाच्या वेगवान रस्त्यावर दुबळ्यांना सुखरूप रस्ता ओलांडता येईल अशी सोय ठेवा, असं ते म्हणाले होते. सोसणाऱ्या माणसाच्या रागाला भिऊन असावं, असंही. सरकारला ते रुचलं असेल असं वाटत नाही. द्वारका चौकात पायी रस्ता ओलांडायला उभा राहिलो की अजून मला नारायणनच आठवतात.

आजचं भाषण पहिल्या भागात छान होतं. बिरसा मुंडांच्या जन्माचं दीडशेवं वर्ष आलं. संविधान सभेतल्या पंधरा स्त्रिया आल्या. सरोजिनी नायडू, राजकुमारी अमृत कौर, सुचेता कृपलानी, हंसाबेन मेहता, मालती चौधरी ही नावं एका बाईच्या तोंडून, राष्ट्रपती म्हणून, ऐकताना बरं वाटलं. हंसाबेननी १४ ऑगस्ट १९४७ च्या रात्री देशातल्या स्त्रियांच्या वतीनं संविधान सभेला राष्ट्रध्वज अर्पण केला होता, हे मंडळीला सांगितलं तर ती म्हणाली, "शाळेत आम्हाला कुणी सांगितलं नाही." मलाही नव्हतं सांगितलं. अभिजात भाषांच्या यादीत मराठीचं नाव आलं तेव्हा आम्ही दोघंही उगीच ताठ बसलो.

आणि मग मजकुराचा हात बदलला. हे मला लगेच कळतं. एक देश एक निवडणूक हा विषय आला आणि त्याचे फायदे ओळीनं आले. कारभारात सातत्य राहील, धोरणं अडणार नाहीत, खर्चाचा बोजा कमी होईल. अरे, ते विधेयक डिसेंबरात लोकसभेत मांडलं आणि आता ते संयुक्त समितीपुढे आहे. चर्चा व्हायची आहे, विरोध नोंदवला जायचा आहे. ही "मेरी सरकार"ची वाक्यं. शुक्रवारी वाचायची ती सहा दिवस आधीच शिरली. मी पक्षकाराच्या बाजूनं असतो तर तो परिच्छेद काढायला सांगितला असता. विषय चांगला की वाईट हा मुद्दा वेगळा. राष्ट्रपतींच्या स्वतःच्या आवाजात तो बसत नाही एवढंच.

पण काढायचं म्हणजे कसं? राज्यपालांनी करून पाहिलंय. पश्चिम बंगालात १९६९ ला धर्मवीर यांनी सरकारनं लिहून दिलेल्या अभिभाषणातला काही भाग वाचलाच नाही. तामिळनाडूत याच महिन्यात, ६ तारखेला, राज्यपाल भाषण न वाचता सभागृहातून निघून गेले. सुरुवातीला राष्ट्रगीत झालं नाही हे कारण दिलं. मला दोन्ही पटलं नाही. हरकत असेल तर सहीच्या आधी घ्यावी, कोर्टात उभं राहून कागद खिशात घालू नये.

सहीआधीची हरकत द्रौपदी मुर्मूंना चांगली माहीत आहे. २०१७ ला त्या झारखंडच्या राज्यपाल असताना छोटानागपूर आणि संथाल परगण्याच्या कूळकायद्यांतल्या बदलांची विधेयकं त्यांच्याकडे सहीला आली होती. आदिवासींच्या शेतजमिनीचा बिगरशेती वापर मोकळा करणारी. सरकार त्यांच्याच पूर्वीच्या पक्षाचं होतं. त्यांनी विधेयकं परत पाठवली. आरडाओरडा नाही, सभात्याग नाही. "हे काढ, असं मी म्हटलेलंच नाही."

म्हणून बिरसा मुंडांचं नाव आलं तेव्हा मी कान टवकारले होते. माझ्या टेबलावर सुरगाणा, पेठ, हरसूलकडची आदिवासी माणसं येतात, वनहक्काचे दावे घेऊन. २००६ चा कायदा, कसत असलेली चार हेक्टरपर्यंतची जमीन नावावर व्हावी एवढंच मागणं. दावा मंजूर झाला तरी कसतो त्यापेक्षा तुकडा कमी नोंदला गेलेला. नामंजूर झाला तर कारण वाचता येत नाही असं. मार्च २०१८ ला हीच माणसं इथल्या सीबीएस बसस्टँडवरून मुंबईला पायी निघाली होती. लाल टोप्या, लाल झेंडे, फुटक्या चपला. त्या दिवशी मी टायपिंग थांबवून रस्त्यावर उभा होतो. नंतर लेखी आश्वासनं मिळाली. त्यातल्या काहींचे अर्ज मी अजून टाईप करतोय.

भाषणात जमिनीचं काही आलं नाही. आदिवासी राष्ट्रपतींनी प्रत्येक वेळी आदिवासींचंच बोलावं ही अपेक्षा अन्यायाची आहे हेही मला कळतं. मराठी राष्ट्रपती होत्या, जळगावकडच्या प्रतिभाताई, तेव्हा आम्ही तरी कुठं दर भाषणात खानदेशची केळी शोधत होतो? (शोधत होतो थोडी, खरं सांगायचं तर.) पण बिरसा जमिनीसाठीच लढला. त्याचं नाव घेऊन जमीन वगळली की मसुदा लंगडा होतो.

शेतकऱ्यांच्या कष्टानं देश अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला, हे वाक्य होतं. खरंच आहे. निफाडचा एक पक्षकार काल वाटणीपत्रासाठी आला होता, तो कांद्यावरच्या निर्यात शुल्काबद्दलच बोलत होता. सप्टेंबरात ते चाळीस टक्क्यांवरून वीसवर आणलं, पण वीस आहेच आणि लाल कांदा बाजारात आलाय. राष्ट्रपतींनी कांद्यावर बोलावं असं माझं म्हणणं नाही, तिथं अर्थमंत्री आहेत.

महाकुंभाचा उल्लेख प्रयागराजचा होता. पुढचा सिंहस्थ आमचा, २०२७ ला. वारशाचं कौतुक झालं, पाण्याचं नाही. रामकुंडाच्या खाली गोदेचं पाणी ज्यानं पाहिलंय त्याला हे कळेल, जास्त लिहीत नाही.

उद्या रविवार, झेंडावंदनाला कॉलनीत जायचं आहे. शुक्रवारचं अभिभाषण ऐकायला मिळेल असं वाटत नाही, त्या दिवशी माझ्याकडे तारखांची गर्दी असते. शनिवारी अर्थसंकल्प आहे. वीस टक्क्यांचं काही निघालं तर निफाडचा माणूस स्वतःच फोन करील. वाटणीपत्रात एका भावाचं नाव चुकीचं पडलंय, ते दुरुस्त करायला त्याला यायचंच आहे.