लाल रिंग

जुलैतला गुरुवार. खडकवासल्यातून पाणी सोडलेलं, भिडे पूल पाण्याखाली, आणि मी लॅबच्या खिडकीशी एका यूरिन कल्चरची ट्यूब धरून उभी. मॅकॉन्की या जंतू वाढवायच्या प्लेटवर सपाट, कोरड्या, गुलाबी कॉलन्या. सायट्रेटची चाचणी हिरवीच, म्हणजे निगेटिव्ह, जंतू हलणारा. सगळं ई. कोलाय या जंतूचं. पण इंडोल हा जंतूने बनवलेला पदार्थ दाखवणारे कोव्हॅक्सचे थेंब टाकल्यावर वर लाल रिंग यायला हवी, तिथे नुसता पिवळा थर.

इंडोल निगेटिव्ह दिसलं की आमच्याकडे हात आपोआप ‘क्लेब्सिएला’ हे दुसऱ्या जंतूचं नाव लिहायला जातो. पण क्लेब्सिएलाची कॉलनी बहुधा चिकट असते, तो सायट्रेट निळं करतो आणि हलत नाही. मी एटीसीसी 25922 हा कंट्रोल, म्हणजे हमखास लाल रिंग देणारा ई. कोलाय, लावला. शुक्रवारी त्याचीही ट्यूब पिवळी. म्हणजे दोष मीडियाचा, जंतूंना दिलेल्या खाद्याचा.

पावसामुळे त्यात लागणारं नेहमीचं ट्रिप्टोन, म्हणजे एन्झाइमने पचवलेलं केसीन हे दुधातलं प्रथिन, आलं नव्हतं, म्हणून सोमवारी कुणीतरी शेजारची बाटली वापरली होती. तीही केसीनचीच, रंगानेही तशीच, पण आम्लाने फोडलेल्या केसीनची. एन्झाइमने पचवलेल्या केसीनमध्ये ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल टिकतं, आम्लात ते नष्ट होतं. ई. कोलाय त्याच ट्रिप्टोफॅनपासून इंडोल बनवतो. नव्या बॅचला कंट्रोल लावायचा नियम आमच्या भिंतीवर चिकटवलेला आहे. वहीत मात्र कारण ‘पाऊस’ असं लिहिलं गेलं, ते मला अजून पटलेलं नाही.

इतकी वर्षं ती रिंग माझ्यासाठी फक्त ओळखीची खूण होती. पण 2001 मध्ये संशोधकांनी दाखवलं की इंडोल हा ई. कोलायने बाहेर सोडलेला निरोप असतो. गर्दी वाढून वाढ मंदावली की तो साठतो आणि पेशींमधली काही जनुकं जागी करतो. आमच्या ट्यूबमध्ये जंतू होते, गर्दीही होती. निरोप ज्यापासून बनतो तेच आम्ही दिलं नव्हतं, आणि त्यांच्या गप्प राहण्याला आम्ही दुसऱ्याच जंतूचं नाव देत होतो.

त्या बॅचवर ‘क्लेब्सिएला’ म्हणून दोन रिपोर्ट आधीच गेले होते. क्लेब्सिएला मुळातच ॲम्पिसिलिन या अँटिबायोटिकला दाद देत नाही, त्यामुळे तिथे झोन, म्हणजे औषधाच्या चकतीभोवती जंतू न वाढलेली जागा, न बघता ‘रेझिस्टंट’ लिहितात. एका बाईंची प्लेट फ्रिजमध्ये सापडली. खऱ्या ट्रिप्टोनमध्ये लावली, आणि शनिवारी थेंब पडताच चेरीसारखी लाल रिंग. मी त्यांच्या डॉक्टरांना फोन केला, सुधारलेला रिपोर्ट पाठवला. ॲम्पिसिलिनचा झोन चांगला मोठा होता.

दुसरी प्लेट तोवर जंतू मारणाऱ्या ऑटोक्लेव्हमधून जाऊन आली होती.