आठ कमळं आणि पाय मोडलेला म

२२ ऑगस्टला आमची शाळा अर्धा दिवसच भरायची, पण त्या अर्ध्या दिवसाची तयारी आषाढी एकादशी उलटली की सुरू व्हायची. १९०७ साली याच तारखेला मादाम भिकाईजी कामा यांनी जर्मनीत श्टुटगार्टच्या आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याचा झेंडा फडकवला होता. आमच्या पुण्याच्या शाळेत त्या दिवशी तसाच झेंडा लागायचा, दरवर्षी नवा, आणि तो शिवायचा मान आठवीचा. कमळं आठ, म्हणून आठ मुली निवडायच्या. बाकीच्यांना पट्टे, अक्षरं, सूर्य आणि चंद्रकोर.

कापडाला कात्री लावण्याआधी शिवणाच्या बाई आम्हाला केसरीवाड्यात न्यायच्या. तो झेंडा तिथे काचेआड आहे. समाजवादी नेते इंदुलाल याज्ञिकांनी तो इंग्रजांची नजर चुकवून भारतात आणला. बाहेर रिपरिप चालू, ओल्या वेण्या खांद्यावर, आणि आम्ही दोघी-दोघी पुढे सरकत वहीत उतरवून घ्यायचो: वर हिरवा पट्टा, त्यात आठ प्रांतांची आठ कमळं, मधल्या पट्ट्यावर देवनागरीत ‘वन्दे मातरम्’, खाली लाल पट्ट्यात सूर्य आणि चंद्रकोर. सावरकर आणि इतर क्रांतिकारकांच्या साथीनं कामांनी हे रूप ठरवलं होतं. परदेशातल्या सभेत आपली बाराखडी झळकली, याचं मला तेव्हाही फार अप्रूप वाटायचं. आजही वाटतं.

आमच्या वर्षी अक्षरं माझ्याकडे आली. पॉपलीनवर आधी कच्चा धावदोरा, मग कडेनं काजटाका. आदल्या संध्याकाळी बाईंनी झेंडा बाकावर पसरला आणि शेवटच्या अक्षरावर बोट ठेवलं. ‘‘अगं, म-चा पाय मोडायचा राहिला. त्यांच्या झेंड्यात आहे ना? मग आपल्यात हवाच.’’ अक्षरांचा दोरा संपला होता. कमळांतला गुलाबी दोरा उरलेला, तोच सुईत ओवला. शाळा रिकामी झाली तरी बाई शेजारी बसून होत्या, ट्यूबलाइटखाली झेंडा ताणून धरत.

दुसऱ्या दिवशी कामांच्या वेशातली मुलगी उलट्या पदराची साडी नेसून, पदर डोक्यावरून घेऊन मंचावर यायची. नाटुकलं बाईंनीच लिहिलेलं, आणि त्याची सुरुवात श्टुटगार्टपासून नसायची. ती मुंबईतल्या १८९६च्या प्लेगपासून असायची. सधन पारशी घरातली, वकिलाची बायको, प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करायला जाते आणि स्वतःच त्या दुखण्यात सापडते. त्यातून वाचते, १९०२ला उपचारांसाठी लंडनला जाते आणि पुढची ३३ वर्षं तिला मुंबई दिसत नाही. बाई म्हणायच्या, झेंडा समजायचा तर आधी ती प्लेगची खोली समजायला हवी. मला ते पटतं. परक्यांच्या भरसभेत उभं राहायचं बळ तिनं आजाऱ्यांच्या उशाशीच कमावलं असणार.

शेवटी ती मुलगी झेंडा उलगडून सगळ्यांना उठून मानवंदना द्यायला सांगायची. सभागृहभर बाकं सरकल्याचा आवाज व्हायचा. दारातले शिपाईकाकासुद्धा टोपी सारखी करून ताठ उभे राहायचे. भिकाईजी १९३५च्या नोव्हेंबरात थकलेल्या देहानं मुंबईला परतल्या आणि १३ ऑगस्ट १९३६ला गेल्या, हे निवेदन सुरू झालं की आमच्यातल्या दोघी-तिघी हमखास रडायच्या.

गेल्या वर्षी माजी विद्यार्थिनींना बोलावणं होतं. तेव्हाच्या आठवीतल्या मुलींनी जुन्या झेंड्यांची ट्रंक उघडली तसा वेखंडाचा वास सुटला. अक्षरं आत राहतील अशी घडी घालायची बाईंची पद्धत अजून तशीच आहे. एकेक घडी उलगडत गेले. सातव्या की आठव्या झेंड्यात, ‘मातरम्’च्या शेवटी, गुलाबी दोऱ्याचा तो तिरका पाय सापडला. शेजारची आठवीतली मुलगी विचारायला लागली, ‘‘मावशी, इथेच दोरा वेगळा का?’’ तिला जवळ बसवलं आणि त्या संध्याकाळची गोष्ट सांगितली.