तालुक्याचं साहित्य संमेलन: पत्रिका छापायच्या आधी

खानदेशला संमेलन नवं नाही. अखिल भारतीय संमेलन धुळ्याला १९४४ साली झालं, अमळनेरला १९५२ मध्ये, जळगावला १९८४ मध्ये आणि २०२४ च्या फेब्रुवारीत पुन्हा अमळनेरला. पण तालुक्याच्या एकदिवसीय संमेलनाचं गणित निराळं. तिथे पैसा कसाबसा जमतो, वेळ जमत नाही.

सगळ्यात जास्त वेळ खातं ते कविसंमेलन. पत्रिकेत चाळीस नावं, प्रत्येकी तीन मिनिटं, म्हणजे दोन तास, असा हिशोब असतो. प्रत्यक्षात कवी आधी कवितेची पार्श्वभूमी सांगतो, सूत्रसंचालक मध्ये चारोळी टाकतो, आणि माणशी पाच मिनिटं होतात. झाले तीन तास वीस मिनिटं! मुख्य मंचावर पंधराच नावं ठेवा, बाकीच्यांना सकाळपासून वेगळा कविकट्टा द्या. नाराजी होतेच, ती पत्रिका छापण्यापूर्वी झालेली बरी.

लेखक-वाचक संवाद जेवणाआधी घ्या. भरीत आणि कळण्याच्या भाकरीनंतर पहिल्या रांगेतले पाहुणेही डुलक्या घेतात. दोन महिने आधी त्या लेखकाच्या पुस्तकाच्या दहा प्रती गावच्या वाचनालयात ठेवा. पुस्तक कुणी वाचलेलंच नसलं की गाडी ‘लिहिण्याची प्रेरणा कुठून मिळाली?’ यावर अडते. प्रश्न चिठ्ठीवर मागवा. माइक हातात दिला की प्रश्नाचं भाषण होतं.

अहिराणीचं सत्र शेवटी ढकलू नका आणि त्याचं सूत्रसंचालन प्रमाण मराठीत करू नका. त्याची सुरुवात बहिणाबाईंच्या कवितेने करण्याचा मोहही टाळा. त्यांची बोली लेवा गणबोली, हे श्रोत्यांतलं कुणीतरी उठून सांगणारच.

पुस्तकांचे स्टॉल मांडवाच्या तोंडाशी शोभतात, पण खपतात जेवणाच्या वाटेवर. टेबलांची तोंडं पूर्वेला किंवा उत्तरेला हवीत, नाहीतर दुपारच्या उन्हात मुखपृष्ठं वाकतात. गर्दीत मोबाइलला रेंज नसते, स्कॅनर नुसता गोल फिरतो. म्हणून प्रत्येक स्टॉलवर दहा, वीस, पन्नासच्या सुट्ट्या नोटा ठेवायला सांगा.

तारीख कापसाची वेचणी उरकल्यावर आणि लग्नाच्या दाट तिथी टाळून धरा. मग आगारातून खेड्यांकडे जाणाऱ्या शेवटच्या एसटीच्या वेळा आणा. त्यातली सर्वांत लवकरची गाडी सव्वासहाची असेल, तर समारोप साडेपाचला संपवा. सत्कार त्यानंतर, ज्यांना थांबायचं त्यांच्यासाठी.