बॉनेटखालची शिट्टी

गाडीच्या इंजिनातून बारीक शिट्टी ऐकू येऊ लागली की पुष्कळ जण थेट टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा भाग) बदलण्याच्या खर्चाची धास्ती घेतात. माझ्या मते आवाज नेमका केव्हा येतो, हे आधी लक्षपूर्वक ऐकावे. थंड किंवा दमट सकाळी इंजिन सुरू करताच येणारी किंचाळी बहुधा अल्टरनेटरच्या, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राच्या, सैल झालेल्या पट्ट्याची असते.

पेट्रोल गाडी उभी असताना शिट्टी वाजते आणि ॲक्सिलरेटर दाबताच कमी होते, तेव्हा व्हॅक्यूमचा एखादा पाइप तडकल्याचा संशय घ्यावा, कारण थ्रॉटल (हवेची झडप) उघडल्यावर मॅनिफोल्डमधील, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधील, व्हॅक्यूम कमी होतो आणि फटीतून हवा कमी खेचली जाते. टर्बो डिझेलची गोष्ट निराळी आहे. टर्बोची चाके मिनिटाला १ लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतात, त्यामुळे मंद शिट्टी स्वाभाविकच असते. परंतु चढावर ती अचानक मोठी झाली, सोबत ताकद घटली आणि काळा धूर येऊ लागला, तर टर्बोपासून इंटरकूलरकडे (दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाकडे) जाणारा रबरी पाइप आणि त्याची क्लिप प्रथम तपासावी. सांध्याभोवती तेलाचा ओलसर डाग दिसल्यास हवा बहुधा तिथूनच निसटते. ही तपासणी मात्र इंजिन बंद करून, ते थंड झाल्यावरच करावी.